बहुतेक माझी

(दुपार. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक मोठी खुर्ची. तिच्यासमोर स्टुलावर थोरली बहीण. धाकटी आत्ताच आलीये, हातात जड पिशवी.)

थोरली : तिथं नको. पिशवी तिथं ठेवू नकोस.

धाकटी : मग कुठं ठेवू? डोक्यावर?

थोरली : खाली ठेव. फरशी पुसलेली आहे.

धाकटी : ताई, ही खुर्चीच आहे ना? का आत कुणाला झाकून ठेवलंयस?

थोरली : खुर्चीच आहे.

धाकटी : मागच्या खेपेला आले तेव्हा म्हणालीस, आजच आलीये, काढते सावकाश. आज बघते तर बाईसाहेब अजून बुरख्यातच. आणि तू बसतेस कुठं?

थोरली : हे काय, स्टुलावर.

धाकटी : नव्याकोऱ्या खुर्चीसमोर स्टूल मांडून. ती मालकीण आणि तू तिच्याकडे काम मागायला आल्यासारखी.

थोरली : तू चहा घेणार का बोलतच राहणार?

धाकटी : दोन्ही. तुझे गुडघे कसे आहेत?

थोरली : आहेत जागेवर.

धाकटी : जागेवर आहेत म्हणूनच दुखतात. अख्खा जन्म लॉन्ड्रीत उभी राहून इस्त्री केलीस. डॉक्टर म्हणाला, पाय वर घेऊन बसत जा, नाहीतर चालणं बंद होईल. तू खुर्ची घेतलीस, पाय वर होणारी, पाठीला टेकू देणारी. मी ऑफिसात ज्याला त्याला सांगितलं, आमच्या ताईनं खुर्ची घेतली, स्वतःच्या पैशानं, स्वतःसाठी. लोक म्हणाले, मग त्यात काय? म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही आमच्या ताईला ओळखत नाही.

थोरली : लोकांना कशाला सांगायचं असलं?

धाकटी : हे काय? चहा कोरा?

थोरली : कोरा चांगला असतो. पित्त होत नाही.

धाकटी : तुला कोऱ्या चहानंच पित्त होतं. दूध कुठंय?

थोरली : बंद केलं.

धाकटी : कधीपासून?

थोरली : झाले थोडे दिवस.

धाकटी : खुर्ची आल्यापासून. माझ्याकडे बघ. खुर्चीचे पैसे दुधातून वळते करतेयस का?

थोरली : एकदम नाही. जरा जरा.

धाकटी : जरा जरा. मी आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासले ताई, लबाड बघितले, वेंधळे बघितले, पण खुर्चीची फेड दुधातून करणारं खातं आजवर बघितलं नव्हतं. अजून काय बंद केलंस? खरं सांग. या खोलीतला दिवा?

थोरली : दिवस मोठा झालाय हल्ली. लागत नाही दिवा.

धाकटी : आणि रिक्षा?

थोरली : चालणं चांगलं असतं.

धाकटी : गुडघे वाचवायला खुर्ची घेतली, आणि खुर्चीची भरपाई म्हणून गुडघ्यांवर चालायला लागलीस. ऐकतेस ना तू, काय बोलतेयस ते?

थोरली : ऐकतेय. तुला वाटतं मला समजत नाही? समजतं. पण बिल फाडलं ना त्या माणसानं, तेव्हा इथं छातीत असं धडधडायला लागलं. वाटलं, कुणीतरी मागून येऊन हात धरणार आणि विचारणार, कुठं चाललीस हे घेऊन. घरी आले तरी तेच. रात्री उठून बघते, प्लास्टिक कुठं फाटलं नाही ना.

धाकटी : आणि फाटलं तर?

थोरली : फाटलं तर परत घेत नाहीत.

धाकटी : हं. म्हणजे असं आहे.

थोरली : पंधरा दिवसांची मुदत असते. प्लास्टिक जसंच्या तसं असेल तर पूर्ण पैसे.

धाकटी : मुदत कधी संपते?

थोरली : आज.

धाकटी : आणि?

थोरली : फोन केलाय सकाळी. येतील एवढ्यात न्यायला. तू आज येशील असं वाटलं नव्हतं.

धाकटी : हो ना. चोरी करायची आणि पोलिसानं त्याच दिवशी पाहुणा म्हणून यायचं. थांब, हे काय टाचलंय प्लास्टिकला? ही तर तुमच्या लॉन्ड्रीतली चिठ्ठी.

थोरली : दोनचार कोऱ्या राहिल्या होत्या माझ्याकडे. लॉन्ड्री बंद झाली तेव्हा कुणी मागितल्या नाहीत.

धाकटी : खुर्चीला लॉन्ड्रीची चिठ्ठी. "रंग तपकिरी. डाग नाही. फाटलेलं नाही." ताई, ही खुर्ची तू धुणार होतीस का?

थोरली : हसू नकोस. खूण न केलेला माल माझ्या ताब्यात पडून असला की मला झोप लागायची नाही. पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागेना. मग उठले, चिठ्ठी लिहिली, टाचली. लागली झोप.

धाकटी : आणि गिऱ्हाईकाच्या जागी नुसती रेघ मारलीयस.

थोरली : गिऱ्हाईक कुठं होतं?

धाकटी : पैसे कुणी भरले?

थोरली : पैसे भरले म्हणून काय झालं. लोक पैसे भरूनही कपडे न्यायला यायचे नाहीत. फळीवर वर्ष काढायचे ते कपडे.

धाकटी : आणि वर्षानंतर आपल्या घरी यायचे. माहितेय मला. शाळेतला माझा पहिला कोट कुणा विसरभोळ्या गृहस्थाचा, बाह्या तू आत दुमडून शिवलेल्या. कॉलेजची शाल कुणा म्हातारीची. मी तर वर्गात सांगायचे, आमचे नातेवाईक फार आहेत आणि सगळे श्रीमंत आहेत.

थोरली : चांगली होती ती शाल.

धाकटी : उत्तम होती. अजून आहे. मी कुठं नाव ठेवतेय?

थोरली : मी काय म्हणतेय ते ऐक. ही खुर्ची अशी कुणीतरी सोडून गेलेली असती ना, कुणी बसून मऊ केलेली, तर पहिल्या दिवशी बसले असते. पण ही नवी आहे. माझ्याआधी कुणी बसलंच नाही हिच्यात. म्हणजे हिच्यात बसायचं म्हटलं तर पहिलं मीच बसायचं. ते जमत नाही.

धाकटी : हे तू दुकानात बघितलं नव्हतंस?

थोरली : दुकानात एकदा टेकले होते. बघण्यापुरती.

धाकटी : दार वाजतंय. थांब, तू उठू नकोस, मी उघडते. या, या. सांभाळून, तिथं माझी पिशवी आहे. या घरात सगळं जमिनीवर ठेवायचं असतं, खुर्चीवर काही नाही.

खुर्चीवाला : नमस्कार. नमस्कार मावशी. उशीर नाही ना झाला? खाली टेम्पो लावलाय, माणूस तिथंच ठेवलाय. म्हटलं, वर आपण स्वतः जावं. मावशींचा माल आहे, कुणाला पाठवणं बरं दिसत नाही.

थोरली : भाऊ, तुम्हाला त्रास दिला.

खुर्चीवाला : त्रास कसला? नियम तो नियम. आणि या?

थोरली : माझी धाकटी बहीण. हिशेब तपासते.

खुर्चीवाला : अरे बापरे. मग मी जपून बोलतो.

धाकटी : तुम्ही मोकळेपणानं बोला. चहा घ्या. कोरा आहे, तुमच्या खुर्चीमुळं.

खुर्चीवाला : माझ्या खुर्चीमुळं? बरं बरं. मला चालतो. पण खोटं नाही सांगत मॅडम, ही खुर्ची परत न्यायची म्हणजे मला जरा वाईटच वाटतंय. एक महिना मावशी रोज येत होत्या हिच्यासाठी.

धाकटी : रोज?

थोरली : भाऊ, चहा गार होतोय.

धाकटी : होऊ दे गार. रोज म्हणजे?

खुर्चीवाला : म्हणजे कसं, जेवणानंतर दुकानात कुणी नसतं. मावशी यायच्या. पहिल्या दिवशी विचारलं, भाऊ, दहा मिनिटं बसून बघू का? म्हटलं, बसा की. बसल्या. डोळे मिटले. दहा मिनिटांनी उठल्या आणि पिशवीतून फडकं काढून दुकानातल्या सगळ्या खुर्च्या पुसायला लागल्या.

धाकटी : ताई.

थोरली : फुकट बसणं बरं दिसत नाही.

खुर्चीवाला : मी हात जोडले. म्हटलं मावशी, राहू द्या. ऐकतात कुठं? दुसऱ्या दिवशी परत. बसल्या दहा मिनिटं, पुसलं अर्धा तास. कोचांच्या खालून, मागून, जिथं आमच्या माणसांचा हात जन्मात गेला नाही तिथून. एकदा एका सोफ्यावर तेलाचा डाग पडला होता, आम्ही तो भिंतीकडे तोंड करून लावला होता. मावशींनी तो ओढला, काय केलं कुणास ठाऊक, कसली तरी पूड टाकली, वरून कागद, वरून इस्त्री. डाग गायब. तो सोफा पूर्ण किमतीला गेला, मॅडम. खोटं नाही सांगत.

धाकटी : बघण्यापुरती एकदा टेकली होती म्हणे.

थोरली : तेलाच्या डागाला काही लागत नाही. इस्त्री फार तापलेली नको, इतकंच.

खुर्चीवाला : शेवटी मीच म्हटलं, मावशी, तुम्हाला निम्म्या किमतीत देतो. तुमचं तेवढं निघतं माझ्याकडे. तर रागावल्या. म्हणाल्या, मी पुसलं ते बसण्याचं. खुर्चीचा भाव वेगळा. आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण पैसे घेऊन आल्या. नोटा इस्त्री केलेल्या.

धाकटी : इस्त्री केलेल्या नोटा.

थोरली : चुरगळलेल्या कशा द्यायच्या कुणाला?

धाकटी : तुम्हाला सांगते मी त्याचं मूळ. लॉन्ड्रीत लोकांच्या खिशात नोटा राहायच्या. भिजायच्या. ही बाई त्या वाळवायची, इस्त्री करायची, आणि कपड्याच्या चिठ्ठीला टाचून परत द्यायची. एका व्यापाऱ्याच्या कोटात गड्डी सापडली होती. आमच्या घरी त्या महिन्यात भाडं थकलेलं. हिनं ती गड्डी एकेक नोट इस्त्री करून परत केली, आणि वर त्याला विचारलं, कडक इस्त्री चालेल ना?

खुर्चीवाला : काय सांगता.

थोरली : त्याचे पैसे होते ते. लोकांचे पैसे हाताळताना माझा हात कधी थरथरला नाही. स्वतःचे काढले की थरथरतो. हे असं आहे, त्याला मी तरी काय करू?

खुर्चीवाला : मावशी, तुमच्या त्याच नोटा परत आणल्यात. तुम्ही घेतानाच म्हणाला होतात, ही परत येईल बहुतेक. म्हणून गल्ल्यात मिसळल्या नाहीत. वेगळ्या पाकिटात ठेवल्या. हे घ्या.

थोरली : घ्या तुम्ही, खुर्ची घ्या. चिठ्ठी काढून देते. बघा प्लास्टिक, कुठं ओरखडा नाही.

खुर्चीवाला : बघायला नको. पण एक सांगतो, नंतर म्हणू नका सांगितलं नाही. हा नमुना बनवणं बंद झालंय. माझ्याकडची ही शेवटची. एका दाताच्या डॉक्टरीणबाईंना हवीये, त्या संध्याकाळी येतायत. म्हणजे कसं, एकदा गेली की गेली.

थोरली : जाऊ दे. त्यांना उपयोग होईल.

धाकटी : एक मिनिट. भाऊ, तुम्ही टेका त्या स्टुलावर. ताई, पाकीट हातात आलं. कसं वाटतंय?

थोरली : शांत.

धाकटी : खरंच?

थोरली : हो. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं.

धाकटी : बरं. आता या पैशांचं काय करणार?

थोरली : राहतील. अडीअडचणीला.

धाकटी : कुणाच्या?

थोरली : कुणाच्याही. तुझ्या लेकीला पुढं लागतील.

धाकटी : तू लॉन्ड्रीत मिळवायचीस त्याच्या दुप्पट मिळवते माझी लेक. तिच्या दातांना तारा लावल्या तेव्हा दिलेस, तेव्हा हात थरथरला होता?

थोरली : तिचे दात वाकडे होते.

धाकटी : आणि तुझा गुडघा सरळ आहे? तुझ्या डोक्यात अडचण म्हणजे दुसऱ्याची अडचण. ताई, मी तुझं खातं मनातल्या मनात कितीदा तपासलंय. माझी फी वेळेवर. बाबांचं औषध वेळेवर. घरभाडं एकदाच थकलं, तेही तू व्याजासकट दिलंस, मालक नको म्हणत होता तरी. इतकं चोख खातं मी नोकरीत बघितलं नाही, आणि माझ्यासमोर मोठमोठ्या पेढ्या उघड्या पडल्यात. पण त्यात तुझ्या नावावर एक पै खर्च नाही. माझ्यापुढं असं खातं कुणी ठेवलं असतं, तर मी सही केली नसती. म्हटलं असतं, काहीतरी लपवताय. माणूस जगतोय आणि त्याच्यावर खर्च नाही, असं होत नाही.

थोरली : लपवत नाही मी काही.

धाकटी : मग सांग. का बसवत नाही?

थोरली : सांगितलं ना.

धाकटी : ते नवं-जुनं सोड. त्याच्या मागचं सांग.

थोरली : भाऊंच्या समोर?

खुर्चीवाला : मी खाली जाऊन थांबतो हवं तर.

थोरली : नको, बसा. तुम्ही काय परके राहिलात? चहा घेतलात. सांगते. आई आठवते. एवढंच आहे. ती बाई घरात कधी बसलेली मी बघितलीच नाही. जेवायची ती उभ्यानं, ओट्याला टेकून. शेवटी पडली तीही उभ्या उभ्याच. आणि मी इथं पाय वर करून पडून राहायचं, खिडकीतून रस्ता बघत? डोळ्यांसमोर येते ती. नुसती उभी राहते.

धाकटी : तुला वाटतं ती चिडलेली असते?

थोरली : चिडेल कशी? तिला खर्चच आवडायचा नाही. उधळमाधळ तिच्या रक्तात नव्हती.

धाकटी : ती भिंतीवरची फ्रेम खाली काढते मी.

थोरली : कशाला?

धाकटी : काढू दे. भाऊ, जरा हात द्या, खिळा वर आहे. हां. ही आमची आई. ही तिच्या शेजारी उभी, वेणीला रिबीन, ती मी. पाच वर्षांची. फोटोवाल्याच्या दुकानात काढलाय. ताईनं पहिल्या पगारातून पैसे दिले होते, दोघी जाऊन फोटो काढून या म्हणून. तिला स्वतःला सुटी नव्हती.

खुर्चीवाला : आईंचा चेहरा मावशींसारखाच. आणि खुर्ची काय आहे, वा. जुन्या पद्धतीची, मखमली, गोल हातांची. आता अशी कुणी करत नाही.

धाकटी : फोटोवाल्याची होती. ताई, याच्या मागं दुसरा फोटो आहे ना अजून?

थोरली : आहे. तो बिघडलेला. डोळे मिटलेत आईचे. टाकवला नाही म्हणून मागं ठेवलाय.

धाकटी : बिघडलेला.

थोरली : मग काय? एक काढून उरलेले परत आणा म्हणून पैसे दिले होते मी. त्यानं दोन काढले, दुसऱ्यात आईचे डोळे मिटलेले, आणि पैसे दोन्हींचे घेतले. बाबा किती बोलले तेव्हा. मी त्या फोटोवाल्याकडे भांडायला गेले होते. लॉन्ड्रीतून सुटल्यावर, तशीच.

धाकटी : हे मला माहीत नव्हतं. काय म्हणाला तो?

थोरली : म्हणाला, बाई, तुमच्या आईनंच दुसरा काढायला लावला. मी म्हटलं, माझी आई? पैसे देऊन दुसरा फोटो? माझ्या आईला तुम्ही ओळखत नाही. चांगलं सुनावलं त्याला. शेवटी बिचाऱ्यानं निम्मे पैसे परत दिले.

धाकटी : ताई, तो खरं बोलत होता.

थोरली : कोण?

धाकटी : फोटोवाला. मी तिथंच होते ना. पहिला फोटो झाला. तो म्हणाला, झालं, उठा. आई उठेना. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर असे फिरवत होती. मग म्हणाली, अजून एक काढा. तो म्हणाला, चांगला आलाय, कशाला? ही म्हणाली, काढा हो, पैसे देते. तो आत गेला पुढची तयारी करायला. त्याला बराच वेळ लागला. तेवढ्यात आई मागं रेलली. मी तिचा हात ओढायला लागले, घरी चल म्हणून. तर म्हणाली, "थांब जरा. पाठ टेकतेय."

थोरली : असं म्हणाली?

धाकटी : तेवढंच म्हणाली. आणि येताना मला सांगितलं, बाबांना सांगू नको. मी नाही सांगितलं. तुला माहीत असेल असं मला वाटायचं. फ्रेमच्या मागं तू तो फोटो ठेवलेला मी बघायचे, वाटायचं, तिनं बसून घेतलं त्याची आठवण म्हणून ठेवलाय.

खुर्चीवाला : बघू मावशी, तो दुसरा. हे बिघडलेलं नाही हो. आमच्या धंद्यात माणूस बघून कळतं. हे गिऱ्हाईक खुर्ची घेणार.

थोरली : माझ्याच पगाराचे पैसे होते ते.

धाकटी : हो. तुझ्या पैशांनी बसली ती. दोन फोटोंइतका वेळ.

थोरली : आणि मी निम्मे परत आणले.

धाकटी : आणलेस. इस्त्री केली असशील वर.

थोरली : गप गं.

खुर्चीवाला : मावशी, बघा काय करायचं ते. मी थांबतो. टेम्पोवाला शिव्या देईल, पण तो तशाही देतो.

धाकटी : भाऊ, तुमच्या दुकानाचा नियम तुम्ही सांगितलात. आता हिच्या दुकानाचा ऐका. लॉन्ड्रीच्या शेठचा एक नियम होता. काउंटरवर गिऱ्हाईक आलं की कपडा पुढं धरायचा आणि विचारायचं, कुणाचं? माणूस "माझं" म्हणाला की द्यायचं. "बहुतेक माझं" म्हणाला, की परत फळीवर. कितीही मोठा माणूस असो.

थोरली : एका वकिलाला मी तीन दिवस परत पाठवलं होतं. स्वतःच्या कोटाला बहुतेक म्हणायचा. चौथ्या दिवशी बायकोला घेऊन आला.

धाकटी : हां. तर मी काउंटरला उभी आहे. ही चिठ्ठी माझ्या हातात आहे. तपकिरी, डाग नाही, फाटलेलं नाही. गिऱ्हाईकाची जागा रिकामी आहे. बोला बाई. ही खुर्ची कुणाची?

थोरली : पोरखेळ आहे हा.

धाकटी : कुणाची?

थोरली : माझी आहे बहुतेक.

धाकटी : भाऊ, उचला. टेम्पोत घाला.

थोरली : अगं, थांब.

धाकटी : नियम तुमचाच आहे बाई. मी काउंटरवरची नोकर माणूस. मागं रांग आहे, दाताच्या डॉक्टरीणबाई उभ्या आहेत. घाई करा.

थोरली : धडधडतंय मला परत.

धाकटी : धडधडणारच. उद्याही धडधडेल. मला नाही वाटत ते एका दिवसात जाईल. धडधडू दे. पण बसून धडधडू दे. उभ्यानं कशाला?

थोरली : हे पाकीट घ्या भाऊ. मोजून घ्या.

खुर्चीवाला : मोजायचं काय त्यात?

थोरली : मोजायचं. हातातून हातात गेले की मोजायचे.

खुर्चीवाला : मोजतो. बरोबर आहेत.

धाकटी : कुणाची?

थोरली : माझी.

धाकटी : पुढचं नाही ना काही?

थोरली : नाही. माझी. आता ते प्लास्टिक काढा. फाडू नका, कडेनं सोडवा. घडी घालून ठेवते, उपयोगी पडतं.

खुर्चीवाला : हे बघा, निघालं. आणि ही दांडी मावशी, उजव्या हाताला. ओढली की पाय वर येतात. दुकानात बसायचात तेव्हा तुम्ही कधी ओढलीच नाही.

थोरली : दुकानाची वस्तू होती. मोडली बिडली असती तर?

धाकटी : डॉक्टरीणबाईंना काय सांगाल भाऊ?

खुर्चीवाला : दुसरी दाखवेन. त्यांच्या खुर्चीत बसायला तसंही कोण खुशीनं जातंय?

धाकटी : मी खाली जाऊन दूध आणते. रोजचं चालू करते, दुकानात सांगून. ताई, पाय वर घे. अजून. हां. आता काय बघतेयस आमच्याकडे?

खुर्चीवाला : मावशी, तेवढी एक सही लागेल या कागदावर. माल ताब्यात मिळाला म्हणून. कराल का? मावशी?

थोरली : थांबा जरा. पाठ टेकतेय.